कारणाचा रकाना

३ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुझे दोन्ही कान इंजिनांनी नेले, तेव्हा फोनवर ओरडण्यापेक्षा लिहिते. हे पत्र मामीने तुझ्याआधी वाचू नये अशी विनंती आहे. ती वाचणारच, हेही ठाऊक आहे.

गेल्या मंगळवारी मला चार फेऱ्या होत्या. पहाटेच्या ड्यूटीचा तो सलग पाचवा दिवस. धुक्यामुळे पहिलंच उड्डाण तीन तास लांबलं. तिसऱ्या फेरीत उतरताना नियंत्रकाने चार हजार फुटांवर थांबायला सांगितलं आणि त्याचा आकडा त्याला परत म्हणून दाखवताना मी तीन हजार म्हणाले. त्याने लगेच चूक सांगितली, शेजारच्या कॅप्टननेही. झालं काहीच नाही. पण माझी जीभ घसरली नव्हती, मामा. मला तीन हजारच ऐकू आले होते. खाली आल्यावर मी सांगितलं की चौथी फेरी मी करणार नाही.

दुसरा सहवैमानिक मिळेपर्यंत प्रवासी दोन तास बसून राहिले. ड्यूटी लावणाऱ्या कारकुनाने माझ्यापुढे फॉर्म सरकवला आणि कारणाच्या रकान्यात ‘आजारी’ लिही म्हणाला. सगळे तेच लिहितात, कोणी विचारत नाही. मी ‘थकले आहे’ असं लिहिलं. असं कारण यादीत नाही, म्हणाला. मग यादी अपुरी आहे, असं मी त्याला सांगितलं. हा तोरा कुणाकडून आला ते तू ओळखशील.

आता सोळा तारखेला चौकशी आहे. एप्रिलमध्ये माझं कॅप्टनपदाचं प्रशिक्षण सुरू व्हायचं होतं, ते तोवर अडवून ठेवलंय. पत्रात म्हटलंय की युनियनच्या सभासदांनी सोबत प्रतिनिधी आणावा, इतरांनी एकट्याने यावं. मी इतरांत आहे. तू जन्मभर इतरांत राहिलास आणि मला ते फार भारी वाटायचं. आता सभासद व्हावं की नाही, ते सांग. त्याने खरंच काही फायदा होतो का?

मामीस नमस्कार. तुझा लोभ आहे म्हणून विचारते.

तुझी,
टिल्लू


६ मार्च

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

पत्र तुझ्या मामीनेच आधी वाचलं. मोठ्याने वाचलं, पण त्याचा मला उपयोग नव्हता.

उड्डाण नाकारलंस ते योग्य केलंस. त्यावर जास्त लिहीत नाही. ‘थकले आहे’ लिहिलंस तो मात्र आगाऊपणा. चार ओळींचा फॉर्म हा काही जाहीरनामा नव्हे. सोळा तारखेला जा, तो शब्द बदलून दे आणि एप्रिलमध्ये प्रशिक्षणाला बस. एकदा डावीकडच्या, कॅप्टनच्या खुर्चीत बसलीस की हवं ते लिही. ती खुर्ची तुझ्यासाठी वर उचलावी लागेल, एवढीच अडचण.

युनियनबद्दल. विमान चालवणारी माणसं दोन. हवा बिघडली तर तिसरा कोणी मदतीला वर येत नाही. हे ज्याला पटलं त्याला सभासद होण्याची गरज नाही, असं मी मानत आलो. शिवाय युनियन म्हणजे मतं. आमची कंपनी दुसऱ्या कंपनीत मिळवली तेव्हा ज्येष्ठतेची यादी युनियननेच लावली. ज्यांची मतं जास्त त्यांची नावं वर गेली. तुझ्या वयाची कितीतरी मुलं आणखी सात वर्षं उजवीकडेच बसली, आणि वर्गणीही भरत राहिली.

आणखी एक. तेव्हा तू शाळेतही जात नव्हतीस. अकरा दिवसांचा संप झाला होता. ते अकराही दिवस मी विमान चालवलं. पुढे वर्षभर कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलाशी कोणी बसलं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही, असं इथे लिहिलं होतं. तुझ्या मामीने खोडायला लावलं.

तब्येत सांभाळ. झोप पुरी घे. आमचा लोभ तुला न मागता आहे.

तुझा,
मामा

ता. क. टिल्लू, मी मामी. ह्यांच्या डायरीत नऊ वेळा ‘आजारी’ असं लिहिलंय, तारखांसकट. एकतीस वर्षांच्या नोकरीत ह्यांची एक दाढ दुखली, बाकी ठणठणीत. मग हे आजार आले कुठून? एकदा तर एक बूट काढला, दुसरा पायातच, आणि खुर्चीत जे झोपले ते सहा तास उठले नाहीत. मी नाकाशी बोट धरून बघितलं होतं. विचार ह्यांना.


१० मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

युनियनच्या ऑफिसात जाऊन आले. छापखान्याच्या वरची एक खोली, खाली यंत्र चालू झालं की टेबलावरचे कप हलतात. सचिवबाई स्वतः कॅप्टन आहेत. चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधत होत्या.

त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या की आज सभासद झालीस तरी प्रकरण आधीचं, त्यामुळे नियमाप्रमाणे प्रतिनिधी देता येणार नाही. वर सल्ला दिला, तो शब्द बदल. कंपनीशी विश्रांतीच्या तासांवर बोलणी चालू आहेत, मध्येच असं काही निघालं तर तिकडचे लोक बिथरतील. पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या. मामा, अगदी तुझीच भाषा. तुम्हा दोघांना एका टेबलाशी जेवायला बसवायला हवं.

मला राग आला. मग सभासद कशाला व्हायचं, असं मी तोंडावर विचारलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आम्ही फार चांगले आहोत असं कोण म्हणतंय, आम्ही पुष्कळ आहोत एवढंच. मग त्या अकरा दिवसांच्या संपाचं निघालं. दोन ड्यूट्यांमधली दहा तासांची विश्रांती त्या संपात मिळाली. चौघांना कामावरून काढलं होतं. तिघांना परत घेतलं, एक पुन्हा कधीच विमानात बसला नाही. तू माझा मामा आहेस हे मी त्यांना सांगितलं नाही. फॉर्म पिशवीत टाकून निघाले, सही केली नाही.

मामीचा ता. क. वाचला. त्या नऊ दिवशी तू खरंच आजारी होतास का? बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल, एवढं लिही.

लोभ तर हवाच, पण आधी उत्तर हवं.

टिल्लू


१३ मार्च

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

एकदा दाढ होती. आठ वेळा थकलो होतो.

ते आठ दिवस सोबतच्या कागदावर तारखांसह लिहिले आहेत. खाली पूर्ण सही आणि कंपनीतला माझा जुना क्रमांक आहे. चौकशीत दाखव किंवा दाखवू नकोस. माझा सल्ला मात्र बदललेला नाही. शब्द बदल आणि प्रशिक्षणाला जा. तुझं नुकसान व्हावं असं मला वाटत नाही.

दहा तासांचं तू लिहिलंस. ते नियम लागू झाले त्याच महिन्यापासून मी ते तास घेतले. निवृत्त होईपर्यंत, एकोणीस वर्षं, मी त्या तासांत झोपलो. ते कुठून आले याचा विचार कधी केला नाही असं म्हणालो तर तुझी मामी पुन्हा खोडायला लावील.

ज्याला परत घेतलं नाही, तो चौथा माझ्याच तुकडीतला. त्याला हवा फार लवकर वाचता यायची.

लोभ ठेव.

मामा


१७ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

काल चौकशी झाली. लांब टेबल, पलीकडे तिघे, अलीकडे मी. मधले मुख्य वैमानिक. तू त्यांना शिकवलंस म्हणे. फॉर्म माझ्यापुढे ठेवला, वर पेनही ठेवलं. शब्द बदल, बाकी सगळं इथेच मिटतं, एप्रिल तुझाच, असं सांगितलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर सोपं गेलं असतं.

खरं सांगते, मी पेन उचललं होतं. मग आठवलं की शब्द बदलला तर ते तीन हजार फूटही कुठेच लिहिले जाणार नाहीत. मी पेन ठेवलं आणि तुझा कागद काढला.

मुख्य वैमानिकांनी तो दोनदा वाचला. तुझी तब्येत बरी आहे ना, असं विचारलं. नव्या वैमानिकांपुढच्या भाषणात ते तुझा दाखला देतात, कधी युनियनमध्ये गेला नाही, कधी कुरकुर केली नाही. पाचव्या तारखेवर त्यांचं बोट थांबलं. त्या दिवशी तुझ्या जागी त्यांनाच बोलावलं होतं, एवढं म्हणाले.

निकाल असा. शब्द तसाच राहील. शिक्षा नाही. एप्रिलची तुकडी मात्र भरली, आता ऑक्टोबर. ती काल दुपारपर्यंत भरलेली नव्हती, हे सगळ्यांना माहीत आहे.

बाहेर आले तर सचिवबाई बाकावर बसलेल्या, गणवेशात, मांडीवर टोपी. आत यायची परवानगी नव्हती, म्हणून दोन तास बाहेर बसून होत्या. त्यांचा सल्ला मी मानला नाही, हे त्यांना माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं असावं. तिथेच गुडघ्यावर फॉर्म ठेवून मी सही केली.

गरज संपल्यावर सभासद झाले म्हणून तू हसशील. फायदा काय, हे मला अजून नीट सांगता येत नाही. काल माझ्या कामी युनियन आली नाही, तुझा कागद आला. पण चौकशीला जाणाऱ्या प्रत्येकाला असा मामा नसतो.

ऑक्टोबरचं वाईट वाटतंय. आज सकाळी थोडी रडले, मग कामाला गेले. मामीला सांगू नकोस. ती हे वाचतेच आहे, तर मामी, मी बरी आहे.

तुमचा लोभ आहे, तो जपून वापरीन.

टिल्लू


२२ मार्च

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

हसलो नाही. तुझी मामी दोन दिवस ऑक्टोबरवाल्यांना नावं ठेवते आहे. मला ऐकू येत नसल्याने ती मधूनमधून लिहूनही दाखवते.

निवृत्तांनाही सभासद होता येतं, हे मला ठाऊक नव्हतं. तुझ्या सचिवबाईंना पत्र टाकून फॉर्म मागवला. तो भरून काल पाठवला. मी कोण ते त्यांना आता कळेल. तुला अडचण झाली तर माफ कर.

फॉर्म साधा आहे. नाव, क्रमांक, नोकरीची वर्षं. शेवटी जुन्या सभासदांसाठी एक प्रश्न आहे, संपाच्या काळात आपण कुठे होतात. मला तो लागू नाही, रिकामा सोडला असता तरी चाललं असतं. तुझी मामी सोड म्हणाली. मी तिथे ‘हवेत’ असं लिहिलं.

घ्यायचं की नाही, ते आता त्यांनी ठरवायचं.

लोभाचं काय लिहू, तो आहे.

तुझा,
मामा