ओपलचा अल्बम आणि मला न वाटणारा मत्सर

१ सप्टेंबर २००३, सोमवार. सकाळी ९
सप्टेंबरातल्या कामगार दिनाची सुट्टी. पेपर उघडला तर ओपल. चार कॉलम फोटो. 'बावीस वर्षं कपाटात पडलेला ओपल रॅग्सडेलचा पहिला एकटीचा अल्बम अखेर २३ तारखेला बाजारात.' फोटो नक्की जुना आहे. छप्पन्न वर्षांच्या बाईची हनुवटी एवढी टोकदार नसते.

मथळ्याच्या पुढे वाचलं नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. कात्रण कापून ठेवलं, तेही केवळ फाइल पूर्ण असावी म्हणून.

नोंद असावी म्हणून लिहितो. 'डॉयल अँड ओपल' या जोडीतला डॉयल तो मी. अकरा वर्षं साऱ्या टेनेसीत जत्रा, मेळे, चर्चची जेवणं गाजवली. ती मुख्य चाल गायची, मी साथीचा आवाज. १९८१ मध्ये एका बड्या कंपनीनं तिला एकटीला उचललं. मी मोठ्या मनानं निरोप दिला. (सहा महिने बोललो नाही, पण ते घसा बसला होता म्हणून.) अल्बम तयार झाला आणि कंपनीनं तो कपाटात टाकला तो टाकलाच. चांगला अल्बम कोणी कपाटात ठेवतं का? माझ्या आवाजाशिवाय ओपल म्हणजे ग्रेव्हीशिवायचा कोरडा बिस्किट-पाव. हे मी बावीस वर्षं सांगतोय. तेवढ्यावर माझी झोप चांगली लागायची.

मत्सर अजिबात नाही. पोटात दुखतंय, पण ते कालच्या कॅटफिश माशामुळे.

३ सप्टेंबर, बुधवार
निर्धार: या घरात तिचं नाव घ्यायचं नाही. ग्लेंडाला (माझी थोरली बहीण, घर तिचं) बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. तिनं घेतली. वर म्हणाली, डॉयल, अठ्ठावन्नाचा झालास, आता तरी मोठा हो.

संध्याकाळी दुकानातून आलो तर ग्लेंडा म्हणाली, फोन आला होता. कोणाचा विचारलं तर म्हणे, शपथ आहे, सांगता येत नाही. निरोप काय? तोही म्हणे शपथेतच येतो. आणि भेंडी तळत बसली.

माफी मागायला केला असेल. मागू दे. बावीस वर्षं उशीर झालाय. नाही विचारणार.

७ सप्टेंबर, रविवार
चर्चमध्ये चार जणांनी हात धरून अभिनंदन केलं. कसलं अभिनंदन? जखमेवर मीठ चोळायची ही बाप्टिस्ट पद्धत. पास्टर तर म्हणाले, इतकी वर्षं एका शब्दानं बोलला नाहीस, किती नम्र रे तू! मी म्हटलं, नम्रता आमच्या घराण्यातच आहे.

तिच्या यशासाठी प्रार्थना केली. जरा हळू आवाजात केली, वर ऐकू गेलीच पाहिजे असं काही नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार
हद्द झाली. आमच्या बुटांच्या दुकानाच्या काचेत तिचं पोस्टर लावायचं, असा मॅनेजरचा हुकूम. अंगात लाल ड्रेस आणि पायात आमच्याच दुकानातले निळे बूट. आणि लावायचं कोणी? मी! सतरा वर्षं त्याच काचेत माझा गिटारसकट फोटो लावा म्हणून सांगतोय, तेव्हा म्हणाले काच झाकली जाते.

लावलं. शोभेच्या निवडुंगामागे. संध्याकाळपर्यंत तीन बायकांनी निळे बूट मागितले. तिघींनाही सांगितलं की चावतात.

१० सप्टेंबर, बुधवार
मोठा निर्णय. मीही एकट्याचा अल्बम काढणार, आणि २३ तारखेच्या आत. बारा गाणी, तेरा दिवस. रोज एक म्हटलं तरी एक दिवस विश्रांतीला उरतो.

नवी वही आणली. पहिल्या पानावर माझं नाव तीन प्रकारे लिहून पाहिलं.

११ सप्टेंबर, गुरुवार
पहिली ओळ सुचली: 'तू गेलीस आणि माझं काहीच बिघडलं नाही.' जोरदार आहे. दुसरी सुचेना. गिटार सुरात लावताना तार तुटली. डोळ्यांतून पाणी आलं, पण ते सायनसमुळे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
रेडिओवर तिचं पहिलं गाणं वाजलं. माझ्या पिकअप ट्रकच्या रेडिओचं बटण निघालंय, बंद करता येत नाही, म्हणून नाइलाजानं ऐकलं. रस्त्याच्या कडेला ट्रक उभा करून ऐकलं. तेही नाइलाजानंच.

आता खरं लिहितो, ही वही कोण वाचणार आहे. गायली आहे. मेली काय गायली आहे! अंगावर काटा आला आणि तिचा भयंकर राग आला.

पण साथीचा आवाज! कोणीतरी पुरुष भाड्यानं आणलाय आणि चक्क माझी नक्कल करतोय. ओळ संपताना अर्धी मात्रा उशिरा येणं ही माझी पद्धत. शेवटचं अक्षर नाकातून सोडणं माझं. सगळं ढापलंय. बरं, धड जमतही नाही. नुसता बोकड बें बें करतोय.

घरी येऊन ग्लेंडाला सांगितलं. ती हसायला लागली, हसता हसता खाली बसली, डोळे पुसले आणि परत हसली. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणे, शपथ आहे ना रे बाबा!

१३ सप्टेंबर, शनिवार
आज शांतपणे, कसलाही आकस न ठेवता, समाजसेवा म्हणून रेडिओच्या श्रोत्यांच्या कार्यक्रमाला फोन केला. नाव सांगितलं अर्ल, गाव मर्फ्रीसबरो. म्हटलं, बाई ठीक आहेत, पण तो साथीला जो कोण रेकतोय त्याला पहिल्या बसनं गोठ्यात परत पाठवा. कोणीही शहाण्या माणसानं त्याचा आवाज पुसून दुसरा लावला असता. निवेदक म्हणाला, अर्लभाऊ, तुमचा आवाज ओळखीचा वाटतो हो. मी फोन ठेवला.

फार हलकं वाटलं. रात्री दोन वाट्या बनाना पुडिंग खाल्लं.

१५ सप्टेंबर, सोमवार
नक्कलखोराला सोडायचा नाही. संगीतकारांच्या युनियनमध्ये लेखी तक्रार दिली. तिथल्या मिसेस पीबल्सनी चष्म्यावरून बघत दोनदा विचारलं, नक्की द्यायची का? नक्की, म्हटलं. प्रत्येक रेकॉर्डिंगचं एक कार्ड असतं, जो गायला-वाजवला त्याची त्यावर सही लागते. ८१ चं कार्ड तळघरातून काढायचं आहे. गुरुवारी या म्हणाल्या.

आता कळेल बच्चमजीला.

अल्बम: दुसरी ओळ अजून नाही. तक्रारीच्या कामात वेळ जातो.

१८ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी ४
कार्ड सापडलं. १४ एप्रिल १९८१. साथीचा आवाज, आणि पुढे सही. माझी.

आठवलं. म्हणजे विसरलो नव्हतो, फक्त हिशेबात धरत नव्हतो. तिनं बोलावलं होतं. म्हणाली होती, तू शेजारी उभा राहिलास की मला माझा सूर सापडतो, नुसता कच्चा आवाज देऊन जा. मी तोंड फुगवून गेलो, तीन तासांत बारा गाणी, सही ठोकली आणि तिच्याशी एक अक्षर न बोलता निघालो. कच्चा आवाज कोण ठेवतं? नंतर नामांकित गायक येतो आणि आपला पुसतात. या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पुसलाच असणार, असं धरून चाललो. रेडिओवर स्वतःचा आवाज स्वतःला ओळखू आला नाही.

मिसेस पीबल्स तेव्हा त्याच कंपनीत टायपिस्ट होत्या. म्हणाल्या, साहेब म्हणत होते, त्या डॉयलचा आवाज पुसा आणि मोठ्या नावाचा गायक लावा. ओपल म्हणाली, तो पुसायचा तर मलाही पुसा. साहेब म्हणाले, मग पडू दे कपाटात. ती म्हणाली, पडू दे. साहेबांचं तसं पत्र मीच टाइप केलं हो. रेकॉर्ड कंपन्यांच्या साऱ्या गल्लीला माहीत होतं. तुम्हाला सांगायची कोणाची हिंमत झाली नाही, तुम्ही तिच्या नावानं जिकडेतिकडे असे बोलत सुटला होतात.

तक्रार परत घेतली. त्यासाठीही एक फॉर्म असतो.

घरी येऊन १ तारखेचं कात्रण वाचलं. शेवटच्या परिच्छेदात माझं नाव आहे. स्पेलिंगसुद्धा बरोबर.

थोडक्यात, माझं म्हणणं खरंच ठरलं. माझ्याशिवाय तिला

(पुढे लिहवत नाही. लाज वाटते.)

२० सप्टेंबर, शनिवार
ग्लेंडाला शपथेतून मोकळं केलं. ती स्टूल ओढून समोर बसली, जणू अडीच आठवडे याचीच वाट बघत होती.

पहिला फोन ३ तारखेचा. ओपल म्हणाली होती, २३ ला अल्बम निघतोय त्या संध्याकाळी मी गाणार आहे, शेजारचा माईक डॉयलचा, दुसऱ्या कोणाला देणार नाही. फक्त पंधरा तारखेपर्यंत हो म्हणायला सांग.

ग्लेंडावर ओरडलो, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, बायबलवर हात कोणी ठेवायला लावला? शिवाय पंधरापर्यंत तू विचारशील असं वाटलं होतं. तुझी खोड मी विसरले.

दुसरा फोन १३ चा, रेडिओच्या कार्यक्रमानंतर दहा मिनिटांनी. तिनंही ऐकला होता. ग्लेंडा म्हणे ती आधी हसली. मग म्हणाली, राहू दे गं, त्याला नको ओढूस, मी गाईन एकटीच. आणि अर्लला माझा एक निरोप दे. म्हणावं, बावीस वर्षांपूर्वी कंपनीच्या साहेबांचंही अगदी हेच मत होतं.

ग्लेंडानं पुढ्यात चहा ठेवला. गोड होता. प्यायलो नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार
उद्या तिला भेटायचं. सरळ, पुरुषासारखं. रेकॉर्डच्या दुकानात दुपारी ती अल्बमवर सह्या देणार आहे. भाषण लिहिलं, दोन पानं. मग एक केलं. मग एकच वाक्य ठेवलं: ओपल, माझं चुकलं. आरशासमोर अकरा वेळा म्हटलं, नऊ वेळा जमलं.

पोस्टर निवडुंगाच्या पुढे आणून लावलं. दोन बायकांना निळे बूट विकले. चावत नाहीत म्हणून सांगितलं.

२३ सप्टेंबर, मंगळवार. संध्याकाळी ७
पाऊण तास रांगेत उभा होतो. पुढची बाई रडत होती, तिला म्हणे ओपलच्या गाण्यानं धीर दिला. मला जळायला झालं. एवढ्यातही जळायला झालं, हे लिहून ठेवतो.

माझा नंबर आला. केस पांढरे झालेत तिचे, हनुवटी मात्र खरंच तशीच आहे. तिनं मान वर केली, माझ्याकडे नीट बघितलं. मग पेन उघडून, दुकानात सगळ्यांना विचारत होती तसंच विचारलं, कोणाच्या नावानं लिहू?

ओपल, माझं चुकलं. एवढंच म्हणायचं होतं. मागे चाळीस माणसं. तोंडातून निघालं: अर्ल.

तिनं पेन लगेच टेकवलं नाही. तिला वाटलं असेल मी अजून काही बोलेन. मलाही वाटलं. मग तिनं लिहिलं, फुंकर मारून शाई वाळवली आणि अल्बम माझ्या हातात दिला. पुढचे या, म्हणाली.

ट्रकमध्ये बसून वाचलं. 'अर्लभाऊ, डॉयलशिवाय मला हा अल्बम नकोच होता. तुम्हाला तो आवडला नाही, त्याचं वाईट वाटतं. ओपल.'

घरी आलो. बाराही गाणी ऐकली. आत्ता तिकडे तिचा कार्यक्रम सुरू होत असेल. ग्लेंडा तिकडे निघता निघता दारात थांबली. येतोस का म्हणाली नाही. विचारलं, कसा गातो रे तो साथीवाला?

मी म्हटलं, चांगला गातो. पण उशिरा येतो.