ओहोटीच्या वाळूवर सौ. पुढे

डहाणू, ४ डिसें. १९५९
टाके काढले. अंतर्गळ नीट शिवलाय म्हणतात डॉ. विचारलं, धावायचं कधी? "आधी चाला. शिवण उसवली तर मला तोंड दाखवू नका." संक्रांतीनंतर तपासून सांगणार. गवताचे भारे वाहत होतो तेव्हापासून रोज पहाटे किनाऱ्यावर धावतोय. वखार स्वतःची झाली तरी सुटलं नाही. आता घर ते नाका. हसलं की पोटात ओढ बसते, म्हणून वखारीतल्या गप्पाही बंद. ही खरी शिक्षा.

९ डिसें.
नाक्यापर्यंत गेलो. आपला गाडीवान लखमा बैल थांबवून खालीच उतरला. "शेट, बसा. पायी कशाला?" व्यायाम म्हटलं तर बैलांकडे बघत राहिला. संध्याकाळी शेजारचे मगनभाई हळूच, "शेठ, काय अडचण तर नाय ने? मोकळ्या हाताने पायी फिरता, ऐकला." कामाशिवाय चालणारा म्हणजे बुडालेला. हसू दाबलं, पोट धरून.

११ डिसें.
सौ. म्हणाली, "उद्यापासून मी येते. हातात परडी असली की लोक समजतील देवळात चाललेत." अक्कल तिची. वखार माझ्या नावावर, एवढंच.

१८ डिसें.
ती मागे, रीतीप्रमाणे. लग्नापासून तेच. मी पुढे, आणि मधूनमधून वळून "चल लवकर". आज तिच्या बांगड्या ऐकत होतो. वाजायच्या, थांबायच्या. पुन्हा वाजायच्या. माझ्यासाठी पाऊल आखडत होती. विचारलं. "माहेरी गंजाडला विहिरीवरून डोईवर हंडे घेऊन यायचे मी, झपाझप. तुमच्या मागे राहायचं म्हणजेच दमायला होतं."
पुढे हो म्हटलं. "लोक बघतात."

२ जाने.
आज किनाऱ्यावर, सुरूच्या बनापलीकडे. ओहोटी. वाळू ओली, घट्ट. चिटपाखरू नाही. म्हटलं, आता कोण बघतंय? परडी माझ्या हातात दिली, पदर खोचला, निघाली. लांब जाऊन वळली. "अहो, चला लवकर."
एवढ्या वर्षांचं उट्टं. पोटभर हसलो. दुखलं नाही.

१६ जाने.
डॉ.नी दाबून पाहिलं, खोकायला लावलं. "थोडं धावून बघा. ओढ जाणवली की थांबायचं." आनंद व्हायला हवा होता. भीतीच वाटली. पुन्हा उसवलं तर...
घरी सांगितलं. सौ. वांगी चिरत होती. मान वर न करता, "म्हणजे माझं फिरणं संपलं."
मुंबईच्या दलालांना जागच्या जागी उत्तर देणारा मी. तिने चिरलेली वांगी पाण्यात टाकत बसलो.

१७ जाने.
ओहोटी. परडी माझ्याकडे, सौ. पुढे. आज मुद्दामच भरभर. बरीच लांब गेली. हाक मारली, "अगं." वारा समोरून, हाक परत माझ्याच कानात. नावाने मारावी, तर ते कधी घेतलेलं नाही. वळेल म्हणून थांबलो. वळली नाही.
परडी वाळूवर ठेवली. चपला काढल्या. एक हात पोटावर.