न वाजणारी खुर्ची

१२ जून
सोमारीच्या चाकाच्या खुर्चीत आज प्लास्टिकच्या बेअरिंग बसवल्या. आधीच्या लोखंडी गंजल्या — वर्षात दुसऱ्यांदा! या गंजत नाहीत, ग्रीस लागत नाही. चिखल आत गेला तर पाण्यानं धुवायचं. फार वजन पेलत नाहीत, पण वीस वर्षांची झाली तरी सोमारी आहेच केवढीशी! आणि आवाज अजिबात नाही. पोरीनं अंगणात चकरा मारल्या. "संघप्रियाताई, पोहून राह्यली असं वाटते!" पोंभुर्ण्याला माझ्या वर्कशॉपमध्ये परत आले ती तरंगतच.

१५ जून
तिच्या आईचा, सोनीबाईंचा फोन. तक्रार! "काऊन अशी केली वो बाई? पयले कर्रकर्र वाजे, तं पोरगी कुठी आहे समजे." मी हसले. होईल सवय, म्हटलं.

१९ जून
सोमारी घरात नाही!
सकाळी दसरू, तिचा भाऊ, शेतात, धानाच्या बांधीत होता. सोनीबाई मागे भांडी घासत होत्या. पोरगी कधी गेली, कळलंच नाही. मी पोचले तेव्हा माणसं डबे बडवत जंगलात शिरत होती. नाल्याकडे वाघ फिरतोय. चाकांच्या खुणा डांबरी रस्त्यापर्यंत — पुढे काही नाही. सोनीबाई माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "आवाज असता तं मले समजलं असतं," एवढंच म्हणाल्या.

२० जून
काही पत्ता नाही. पोलिसांत सांगितलं.

२१ जून
आवाज नाही, हा मी गुण धरला. घरात कोणाला विचारलं का? नाही! त्या माउलीचे कान मीच बंद केले. साधी घंटी तरी लावायची होती. दसरू म्हणाला, "तुमी चांगल्यासाठीच केलं, ताई."

२२ जून
सोमारीचा फोन! चंद्रपूरला आहे. शिवणकाम शिकतेय, तिथंच राहायची सोय आहे. मी रडायलाच लागले.
"ताई, रडू नका. मी हरवली नाई, निघून आली. रस्त्यावरून बस धरली. पयले तीनदा निघाली होती. दर वेळी खुर्ची वाजली अन् दादानं अंगणातूनच वापस नेलं. आईले सांगा, मी बरी आहे."
तीनदा! तिला पकडून देणारी ती वाजणारी खुर्चीही मीच बनवलेली.