माणशी एक्क्याण्णव टन

४ फेब्रुवारी १९९१, परतूर

तक्ता झाला! सहा फूट बाय चार. 'दगडी कोळसा — राष्ट्राची संपत्ती'. अमेरिका, रशिया, चीन, ऑस्ट्रेलिया आणि पाचवे आपण. बासष्ट अब्ज टन! भारताचा खांब मुद्दाम लाल रंगवला. दोन वर्षं जालन्याच्या शालेय प्रदर्शनात दुसरा नंबर येतोय. यंदा पहिला कोण अडवतो बघूच.

मेव्हण्याने चंद्रपूरहून खाणीतल्या कोळशाचं ढेकूळ पाठवलंय नमुना म्हणून. दोन किलोचं, नुसतं चमकतं. नीला म्हणाली, "बहिणीला दिवाळीची साडी नाही, तुम्हाला मात्र कोळसा बराबर येतो!"

५ फेब्रुवारी

गिरिधरने सगळ्यावर पाणी ओतलं. शाळेत गणित शिकवतो आणि माझं डोकं खातो. म्हणे, "ढीग केवढा ते नको सांगू केशव. खाणारी तोंडं किती? भाग दे!"

दिला. एक्क्याऐंशीच्या शिरगणतीची अडुसष्ट कोटी धरली. माणशी एक्क्याण्णव टन. ऑस्ट्रेलियात माणसं जेमतेम पावणेदोन कोटी — माणशी पाच हजारांच्या वर! पोलंडसुद्धा आपल्याला मागे टाकून गेलं. एका भागाकारात सगळी श्रीमंती उतरली.

तरी दुसरा रकाना आखला. खोटं कशाला दाखवायचं? पण गिरिधरशी आज चहा प्यालो नाही.

७ फेब्रुवारी

सगुणाबाई तक्त्यापुढे उभ्या. त्या शाळेत पाणी भरतात, घंटा देतात, आणि सहा महिन्यांपासून शाळेमागच्या खोलीत एकट्या राहतात. मुलाशी, कडूबाशी, बिनसलंय. जेवणाचा डबा मात्र त्याच्याच घरून येतो.

"सर, ह्यात माझा वाटा किती?"

एक्क्याण्णव टन, म्हणालो.

"म्हंजी बैलगाड्या किती?"

गाडीला एक टन धरला. एक्क्याण्णव गाड्या! बाई खालीच बसल्या.

"अन् हे कोणत्या कार्डावर भेटतंय? कडूबाच्या कार्डावर असंल तर नको बाई. रॉकेल तिकडंच जातंय, साखर तिकडंच. हेबी सून ठिवून घेईल."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

९ फेब्रुवारी

शिरगणती सुरू. मास्तरांची वरात! माझ्या वाट्याला शाळेमागचीच वस्ती आली. नियम असा — एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. म्हणजे सगुणाबाई कडूबाच्या घरात मोजल्या जाणार. त्यांना सांगितलं, तर चेहराच उतरला.

"मला येगळी लिवा, सर. त्याच्या घरात मी धा वर्सं होते, पर कुनी मोजली न्हाई."

या कागदावर रेशनकार्ड मिळत नाही, बजावलं.

"न भेटू द्या. सरकारच्या वहीत माझं येगळं नाव पाह्यजे."

मग डबा बंद करा, चूल मांडा, म्हणालो. तुमची खोली शेवटी घेतो, सत्तावीस तारखेला. आमची जुनी शेगडी लगेच नेऊन दिली. सरपण उद्या टाकतो म्हणालो.

१४ फेब्रुवारी

आज एकतीस घरं. एका आजोबांनी वय सांगितलं 'निजामाच्या वक्ताचं'. आता लिहू काय?

२३ फेब्रुवारी

ढेकूळ गायब! शिक्षकांच्या खोलीतून, टेबलावरून! आणि मंगळवारी प्रदर्शन! दुसरं कोण असणार? गिरिधरला तोंडावर विचारलं. म्हणाला, "माझे एक्क्याण्णव टन सोडून तुझे दोन किलो कशाला नेऊ?" वर सगळ्यांसमोर हसला. मीही सगळ्यांसमोर त्याला चोर म्हणालो. बोलणं बंद.

२६ फेब्रुवारी, जालना

दुसरा नंबर. पुन्हा!! परीक्षकांनी विचारलं, "नमुना कुठे आहे?" नुसती नमुन्याच्या नावाची चिठ्ठी होती टेबलावर. माणशी वाट्याचा रकाना मात्र त्यांना फार आवडला. हे गिरिधरला सांगायला जीभ उचलत नाही.

२७ फेब्रुवारी, परतूर

शेवटचं घर. सगुणाबाई इस्त्रीचं लुगडं नेसून बसल्या होत्या. शेगडी पेटलेली. त्यांनी चहा पुढे केला. चहाला आगगाडीच्या इंजिनाचा वास!

शेगडीत पाहिलं. चंद्रपूर जळत होतं.

आणि तेव्हा आठवलं — सरपण! 'उद्या टाकतो' म्हणालो होतो. अठरा दिवस झाले.

"लई वाट पाह्यली सर," त्या म्हणाल्या. "पऱ्हाट्या येचून येचून जाळल्या, त्याबी सरल्या. डबा तर बंद केल्ता. मंग म्हनलं, माझ्याच वाट्याचा हाय की! तेवढा घेतला. बाकीच्या गाड्या राहू द्या सरकारकडं."

लाज वाटली. गिरिधरची आठवण झाली, तेव्हा आणखी वाटली. चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यालो. मग कागद मांडीवर घेतला आणि त्यांना ऐकू जाईल असं, एकेक शब्द मोठ्याने म्हणत लिहिलं :

कुटुंबप्रमुख — सगुणाबाई. माणसं — एक.