गोदाघाटाच्या चित्रावरचं नाव

१४ जानेवारी २००३
मग काय द्यायला पाहिजे होतं? पातेलं? भांडी बाजारात सारा जन्म पातेली विकली, पोरीच्या लग्नात तरी वेगळं काही नको? म्हणून कॉलेज रोडच्या गॅलरीतून कै. यादव मास्तरांचं गोदाघाटाचं चित्र घेतलं. ओरिजिनल. गॅलरीवाला ललित छातीवर हात ठेवून बोलला. व्याह्यांना दिलं. त्यांनी हॉलमध्ये लावलं.

काल त्यांच्याकडं एक डॉक्टर जेवायला आला. म्हणाला, हेच चित्र माझ्याकडं पण आहे, हाच घाट, हीच धुणं धुणारी बाई. सगळे हसले. व्याह्यांनी चित्र उतरवून कपाटामागं ठेवलं. मोहिनीचा फोन आला, रडत होती. सासू म्हणते, तुझ्या वडलांनी आम्हाला नकली माल देऊन गुंडाळलं.

ललितला कोर्टात खेचणार. महिन्यात निकाल. वकील नको. नुसता फाफटपसारा.

२ मार्च
ग्राहक मंचात केस टाकली. अर्ज मीच लिहिला. सातवी पास माणसाला काय अवघड हाय? ललित म्हणतो, तुमचं चित्र खरं, डॉक्टरचं खोटं. चोर असंच म्हणणार. त्याच्याकडचं पाणीसुद्धा प्यायचं नाय, असं ठरवलं.

कॉफी प्यालो. कॉफी वेगळी.

१९ ऑगस्ट
तारीख, तारीख, तारीख. आज मात्र काम झालं. मुंबईचा एक्स्पर्ट येणार, मास्तरांची सही तपासणार. म्हटलं, खुशाल तपासा. घरी आलो तर कुसा म्हणाली, "अहो, पण सहीवर तर तुमचं नाव हाय."

हाय मग. आपल्या दुकानातून चमचा गेला तरी नाव कोरून गेला. नाव नसलेला आहेर म्हणजे रस्त्यात सापडलेली वस्तू. लग्नाआधी चंदर पेंटरकडून कोपऱ्यात पांढरी पट्टी मारून घेतली, वर लाल अक्षरात 'खंडेराव देवरे यांजकडून सप्रेम भेट'. तिथं काहीतरी गिचमिड होतं. ती सही, हे ललितनं सांगायला नको? हा पण त्याचाच गुन्हा. अर्जात घालायचं.

२४ ऑगस्ट
चित्र व्याह्यांकडून आणलं. चंदरला म्हटलं, वरचं नाव काढ, खालची सही ठेव. त्यानं थिनर लावलं. नाव गेलं, सही गेली, घाटाच्या खालच्या पायऱ्या पण गेल्या. नदीला पूर आल्यासारखं दिसतं. वाईट नाय. खोटी सही होती म्हणूनच पुसली गेली, खरी असती तर टिकली असती. लय मोठा पॉइंट सापडला.

कोपरा उघडाबोडका दिसत होता. नाव परत टाकून घेतलं, मगच चित्र व्याह्यांकडं परत पाठवलं.

११ फेब्रुवारी २००४
एक्स्पर्टनं दोन्ही चित्रं भिंग लावून पाहिली. डॉक्टरचं नक्कल निघालं. आपलं मास्तरांच्याच हातचं वाटतं म्हणाला, पण सही नाय, तर लिहून देता येणार नाय. मी पॉइंट मांडला. कोणी ऐकला नाय. ललितच्या वकिलानं विचारलं, चित्रावर नाव कोणाचं? म्हटलं, माझं. तो खाली बसला. पुढं काही विचारलंच नाय.

केस फेटाळली.

व्याही मल्हारराव मागच्या बाकावर होते. बाहेर आल्यावर शांतपणे म्हणाले, "खंडेराव, खरं होतं हो चित्र. तुम्ही पुसलंत." चित्र माझ्या हातात दिलं आणि रिक्षा थांबवली. मोहिनी बरोबर होती. रिक्षातून वाकून म्हणाली, "बाबा, बारशाला पातेलंच द्या."

देईन. नाव घालून.

चित्र घरात कुठं लावलंय, ते कोणी विचारायचं नाय. मी सांगणार नाय.