परत ठेवलेले दाणे

४ ऑक्टोबर १९८६, चँडलर, अमेरिका
घरात दिवसभर बोलायला कुणी नसतं. डोकं गंजायला लागलं, म्हणून लिहायला घेतलं. सून दीपा सात महिन्यांची गरोदर आहे. तिच्या बाळंतपणासाठीच मी नागपूरहून आले. आज मुलाने, श्रीरामने, मला जुन्या वस्तीच्या वॉकिंग टूरला धाडलं. सुती साडी, खाली कॅनव्हासचे बूट. गाइडबाई चटपटीत, उन्हाला न जुमानणाऱ्या. आमचं लगेच जमलं. शेवटच्या मातीच्या घरात, चुलीपाशी काळी शाल घेतलेली म्हातारी बसली होती. टूरसाठी जुना वेष देऊन बसवली असेल, असं वाटलं. बाकीचे पुढे गेले. तिने निळ्या मक्याची ओंजळ पुढे केली आणि माझा पदर आपोआप पसरला. हे गेल्यापासून माझी ओटी कुणी भरली नव्हती. रीतीप्रमाणे चार दाणे तिच्या हातावर परत ठेवले. पुन्हा येईन, असा त्याचा अर्थ. ती हसली.

५ ऑक्टोबर
घरच्या घरी डोहाळजेवण केलं. विधवेने ओटी भरू नये वगैरे मी मानत नाही. तांदळात तो मका मिसळून दीपाची ओटी मीच भरली. ती म्हणाली, "आई, टूरवरून लोक पोस्टकार्ड आणतात. तुम्ही मका आणलात."

८ ऑक्टोबर
म्हातारीचे आभार मानायला फोन केला. गाइडबाई म्हणाल्या, त्या घरात आम्ही कुणालाच बसवत नाही. तिथल्या शेवटच्या मालकिणीची सून आणि बाळ बाळंतपणात गेले. नातवाची वाट पाहतच तीही गेली. शंभर वर्षं झाली.

१० ऑक्टोबर
भरदुपारी अंगणात काळी शाल. ओंजळ पुढे केलेली, या वेळी रिकामी. दीपाला दिसत नाही. मी दार लावलं. दार लावून काय होणार —

११ ऑक्टोबर
शाल दीपाच्या उशाशी. बाळ सकाळपासून हललेलं नाही. डॉक्टर म्हणतात, ठोके मंद आहेत. ओटी मी घेतली, मीच पुढे दिली. परत मीच करायची.

१२ ऑक्टोबर
श्रीराम दीपाजवळ, हॉस्पिटलात. शेजारच्या मोहनने मला गाडीने आणलं. तो बाहेर थांबलाय. त्याच चुलीपाशी बसून लिहितेय. नोंद असावी.
सुपूर्द केला: निळा मका, तांदळातून वेचून, एकही दाणा न ठेवता. बाई, आता आमच्याकडे तुझं काही नाही, असं स्पष्ट सांगितलं.
तिने ओंजळीत घेतला. हसली.
उठतेय. मी पदर कमरेला घट्ट — नाही, पदर आपोआप —
चार दाणे. माझ्या पदरात. पुन्हा येईन, अस