कोड्यातला दोरा

आप्पा, तुम्ही गेलात तेव्हा माझी जी पोर पाळण्यात होती, तिच्या लग्नाचं आता बघायचं आहे. बघायचं म्हणजे, तिचं तिनंच बघितलं आहे. मुलगा ओडिशाचा. सणसवाडीत एका कंपनीत मशिनवर असतो आणि राहतो आपल्याच आवारात. आपण ज्या तुकड्यात ज्वारी करायचो तिथं मी भाड्याच्या खोल्या बांधल्या, हेही तुम्हाला ठाऊक नसणार. पोरगा शांत आहे, व्यसन नाही, पाण्याची मोटर बिघडली तर न सांगता येऊन दुरुस्त करतो. नाव ठेवायला जागा नाही. असं असून पावसाळा सरत आला तरी मी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. पोर रोज डबा भरते, माझ्याकडं न बघता ‘येते’ म्हणते आणि निघते. सकाळी देवापुढं दिवा लावताना काय मागावं ते मला कळत नव्हतं, म्हणून हात जोडून नुसताच उभा राहायचो.

माझी भीती जातीपातीची नव्हती, निदान मी मनाला तसं सांगत होतो. भीती बोलण्याची होती. तिकडं ओडिशात त्याची आई एकटी आहे आणि तिला तिच्या भाषेखेरीज दुसरं काही येत नाही. उद्या हे दोघं तिकडं राहायला गेले, आणि पोरीचं काही दुखलं-खुपलं, तर ती ते कुठल्या शब्दात सांगेल? चुलतभाऊ ओट्यावर बसून म्हणाला, “दादा, जावई केला तर घरात एक दुभाषाबी ठेव. सणासुदीला कपडे त्यालाबी करावं लागतील.” सगळे हसले. मीही हसलो. आणि हसता हसता मला दौंडचं तुमचं क्वार्टर आठवलं.

मी पाचवीत आहे. सुट्टीचा तुमच्याकडं आलोय. रेल्वेच्या त्या चाळीत पलीकडच्या भिंतीला तेलुगू कुटुंब राहतं. बाई मराठी बोलते, पण बाई असून ‘मी जातो, मी करतो’ म्हणते. मी जेवताना तिची नक्कल करून दाखवतो. तुम्ही स्टोव्हवर भाकरी टाकताय; आई गावाकडं, त्यामुळं दौंडला स्वयंपाक तुमचाच. तुम्ही हसत नाही. मला ठसका लागतो, मी पाणी मागतो, तर तुम्ही तांब्या स्वतःच्या पाठीमागं सरकवता. “हसायचं आसंल तर आधी तिच्या भाषेत पानी मागून दाव.” मला येत नाही. डोळ्यांत पाणी, घशात पिठलं. भिंतीपलीकडं सगळं ऐकू जात असणार, कारण थोड्या वेळानं तीच बाई पेला घेऊन दारात उभी राहते आणि म्हणते, “नीळ्ळु. म्हण बाळ, नीळ्ळु.” मी म्हणतो. माझा उच्चार ऐकून ती पदर तोंडाला लावून हसते. तिला मात्र तुम्ही काही बोलला नाहीत.

त्याच सुट्टीत तुम्ही मला कोडी घालायला लागलात. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चौकोन आखायचे, आडवे-उभे शब्द. वर्तमानपत्रातलं कोडं मला जमायचं नाही, म्हणून तुमचं सोपं असायचं. पण सगळे शब्द भरून झाले तरी तुम्ही सोडायचा नाहीत. “शब्द सुटलं. आता दोरा सांग.” म्हणजे या सगळ्यांतून कुठला एक धागा जातो ते. कधी सगळे शब्द स्वयंपाकघरातले निघायचे, कधी सगळे पक्षी. एकदा मी घरी जायचो त्याच्या आदल्या दिवशी सगळे शब्द प्रवासाचे निघाले: पिशवी, तिकीट, खिडकी, टाटा. तुम्हाला माझ्या जाण्याचं वाईट वाटतं हे मला त्यावरून कळलं. तोंडानं तुम्ही म्हणालात, “चप्पल नीट घाल.”

ही गोष्ट मी पोरीला लहानपणी कितीदा सांगितली असेल. तिनं ती त्या पोराला सांगितली. मागच्या रविवारी तो दारात आला, आत ये म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि एक कागद पुढं केला. पट्टीनं आखलेले चौकोन, त्याच्या हाताचं मराठी अक्षर, दुसरीतल्या पोराचं असावं तसं मोठं मोठं. मी चहा पिता पिता सोडवलं. राहतो तिथं: घर. तहान लागली की: पाणी. शिजवलेला तांदूळ: भात. जेवायला लागतो तो: हात. भात उभा, हात आडवा, दोन्ही एकाच ‘त’वर येऊन मिळतात. पुढं कान, फळ, तेल. मला जरा रागच आला. एवढं सोपं? मग दोरा शोधायला बसलो आणि अडकलो. खायचं म्हणावं तर कान कुठून आला? अंगाचं म्हणावं तर घर? चहा निवला. शेवटी मीच विचारलं, “दोरा काय रे याचा?”

तो खाली बघत म्हणाला, “काका, हे सगळे शब्द माझी आई पण म्हणते. आमच्याकडे शेवट थोडा लांब करते. भातऽ. हातऽ. बाकी हेच.”

मी कागद परत वाचला. पाणी. घर. आमच्या खोल्यांत इतर राज्यांतली माणसं राहतात, मी त्यांच्याशी मोडक्या हिंदीत भाड्याचं आणि लाईटचं बोलतो. ‘तुमची आई पाण्याला काय म्हणते?’ असं मी त्यांतल्या कुणाला आजवर विचारलं नव्हतं. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. पोर ऐकत होती. मी त्याला म्हटलं, “आईला फोन लाव.”

फोनवर कोंबड्यांचा आवाज येत होता. त्यानं तिला काहीतरी सांगितलं आणि फोन माझ्या हातात दिला. मी नमस्कार म्हटलं, तिनंही काही म्हटलं. आप्पा, मी पन्नाशीला आलो, पण तांब्या तुमच्या पाठीमागं असावा तसा बसलो होतो. मग तीच बोलली, हळू, लहान मुलाशी बोलावं तसं: “भात खाइलेणि?”

मला कळलं. कुणी सांगावं लागलं नाही. मी म्हटलं, “हो, हो. भात खाल्ला.” ती हसली, बहुतेक माझ्या बोलण्याला. मला त्या हसण्याचं वाईट वाटलं नाही. पोर दारात येऊन उभी होती, हाताला पीठ. मी तिच्याकडं बघून मान डोलावली. ती लगेच आत गेली आणि कितीतरी वेळ बाहेर आली नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. त्याच्या कोड्याच्या कागदाबरोबर तुमच्या फोटोमागं ठेवीन. एक मात्र राहिलं. नव्या सोयरणीशी बोललेलं माझं पहिलंच वाक्य खोटं आहे. त्या दिवशी मी सकाळपासून जेवलो नव्हतो.